जुन्या ट्रकचे पुढचे चाक

अमेरिकेत १९४७ ते १९५५ या काळात निघालेल्या शेव्हरोले पिकअप ट्रकांच्या पुढच्या चाकांत गोळ्यांची बेअरिंगे असत. गोळी वाटीला जेमतेम एका बिंदूपाशी टेकते. निमुळता रोलर रेषाभर टेकतो. साहजिकच भार अधिक जागेवर विभागला जातो आणि वळणावरचा आडवा रेटाही तो अधिक सोसतो. अशा बेअरिंगचे पेटंट टिमकेन व हाइन्झेलमन यांना १८९८ सालीच मिळाले होते, हे विशेष!

आज जुने ट्रक जपणारे पुष्कळजण रोलर बसवितात. त्याने मूळ रूप बिघडते, ही तक्रार आम्हांस पटत नाही. ते तुंब्यात झाकलेलेच असते. मात्र वाटीही नवी घालावी. चाक फिरवीत नट आवळावा, मग किंचित सैल करून पिन घालावी. अति आवळल्यास बेअरिंग तापून निकामी होते.