हजेरीपटापासून पंगतीपर्यंत

जुलैचा पहिला आठवडा. सोयाबीनची पेरणी उरकली की वाशिम जिल्ह्यात महाविद्यालयांच्या प्रवेशाची धांदल सुरू होते. मानोऱ्याकडून येणाऱ्या सकाळच्या एसटीतून बंजारा तांड्यावरची एखादी मुलगी वडिलांसोबत उतरते. तिच्या हातातल्या प्लास्टिकच्या फाइलमध्ये टीसी, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेअर असतं. वडिलांचं लक्ष परतीच्या बसच्या वेळेकडे. खिडकीवर नाव सांगून होत नाही तोच पुढचा प्रश्न येतो, ‘कॅटेगरी कोणती?’ तो विचारावाच लागतो, कारण फी आणि शिष्यवृत्ती त्यावर ठरते. पण मागे पन्नास जण उभे असताना तो कोणत्या आवाजात विचारला जातो, यावर त्या मुलीची पुढची तीन वर्षं बरीचशी ठरतात.

परिसर सर्वांना आपला वाटावा, असं प्रत्येक महाविद्यालयाच्या माहितीपुस्तिकेत छापलेलं असतं. माझ्या मते हा आपलेपणा खिडकी, बाकडं, डबा आणि शेवटची बस अशा अगदी साध्या ठिकाणी तयार होतो किंवा तुटतो.

जिल्ह्यातली सर्वांत मिश्र जागा

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा तसा छोटा. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या ११ लाख ९७ हजार. त्यात अनुसूचित जाती सुमारे १९ टक्के, अनुसूचित जमाती सुमारे ७ टक्के. बंजारा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींमध्ये मोडतो, त्यामुळे या आकड्यांत तो वेगळा दिसतच नाही. प्रत्यक्षात त्यांचं तीर्थक्षेत्र पोहरादेवी याच जिल्ह्यात, मानोरा तालुक्यात आहे. शिरपूरला जैनांचं अंतरिक्ष पार्श्वनाथ, कारंज्याला नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान, मंगरूळपीरला दर्गा, गावोगावी बुद्धविहार. मालेगाव तालुक्यात आंध आदिवासींची वस्ती.

हे सगळे लोक बाजारात भेटतात, पण राहतात आपापल्या वस्तीत. शाळाही अनेकदा वेगवेगळ्या, कुणाची आश्रमशाळा तर कुणाची उर्दू माध्यमाची. वयाच्या अठराव्या वर्षी पहिल्यांदा हे सगळे एका वर्गात येतात. एका अर्थानं तालुक्याचं महाविद्यालय ही जिल्ह्यातली सर्वांत मिश्र जागा. मात्र एका छताखाली असणं वेगळं आणि एकमेकांत असणं वेगळं. पहिल्या पंधरा दिवसांत बाकडी ठरून जातात. ज्या शाळेतून आलो, ज्या गावातून आलो, त्यांच्यातच बसायचं. ती घडी एकदा बसली की शेवटच्या वर्षापर्यंत मोडत नाही.

त्यात भाषेची अडचण आहे. तांड्यावरची मुलगी घरी गोरमाटी बोलते. आईला ‘याडी’ म्हणते. बाजारात वऱ्हाडी, वर्गात पुस्तकी मराठी आणि विज्ञान शाखा घेतली तर पुस्तक इंग्रजी. चार भाषा सांभाळणारी ही मुलगी खरं तर वर्गातली सर्वांत तयार विद्यार्थिनी म्हणायला हवी. पण एखादा शब्द घसरला, मागच्या बाकावरून हसू आलं, की ती महिनाभर तोंड उघडत नाही. उर्दू माध्यमातून आलेल्या मुलाचंही तसंच. आणि हसणारी मुलंही वाशिमचीच. उद्या पुण्याच्या वसतिगृहात ‘मले’ आणि ‘काऊन’ ऐकून त्यांना कुणी हसलं, तर ते किती झोंबतं हे तेव्हा कळतं. वऱ्हाडच्या शिक्षकानं पहिल्याच तासाला ही गोष्ट बोलून दाखवली तर बरंच काही टळेल.

वसतिगृहांनी शिकवलेलं

वेगवेगळ्या घरांतली मुलं एकत्र कशी आणायची, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं आणि पुढे एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी केली. ती जातवार होती, कारण तेव्हा मुलाला आधी डोक्यावर छप्पर हवं होतं आणि दुसऱ्याच्या पंगतीत त्याला कुणी बसू देत नव्हतं. पुढचं पाऊल कर्मवीर भाऊराव पाटलांनी टाकलं. १९२४मध्ये साताऱ्यात सुरू झालेल्या त्यांच्या वसतिगृहात सर्व जातींची मुलं एकत्र राबत, एकत्र रांधत आणि एका पंगतीत जेवत. १९२७मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचं ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असं नामकरण झालं. आपल्या वऱ्हाडात डॉ. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीला श्रद्धानंद छात्रालयात सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवलं. १९२७च्या अंबादेवी मंदिरप्रवेश सत्याग्रहात उतरलेल्या या माणसाला देवळाचा दरवाजा आणि जेवणाची पंगत हे दोन वेगळे प्रश्न वाटले नाहीत.

जिल्ह्यातली पारंपरिक महाविद्यालयं ज्या विद्यापीठाला जोडलेली आहेत, त्याला संत गाडगेबाबांचं नाव आहे. बाबांनी पंढरपूरला बांधलेली चोखामेळा धर्मशाळा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला दिली, ती मुलांच्या शिक्षणासाठी. त्यांच्या नावाच्या विद्यापीठात कुणाला परकं वाटू नये, एवढी अपेक्षा रास्त आहे.

आजही मागासवर्गीयांची, आदिवासींची, इतर मागासवर्गीयांची वसतिगृहं वेगवेगळ्या खात्यांची आहेत. जागा न मिळालेल्यांना ‘स्वाधार’, ‘स्वयम्’ अशा योजनांतून खोलीभाडं आणि जेवणाचा खर्च मिळतो. ही सोय अत्यंत गरजेची आहे. ती नसती तर हजारो मुलं बारावीनंतर थांबली असती. पण छप्पर वेगळं असलं की पंगतही वेगळी होते. म्हणून शाहू महाराजांनंतर भाऊरावांनी टाकलेलं दुसरं पाऊल आता महाविद्यालयालाच टाकावं लागेल.

कागदावरचा कक्ष

नियमांची उणीव नाही. रॅगिंगविरोधी कायदा महाराष्ट्रात १९९९पासून आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२च्या विनियमांनी प्रत्येक संस्थेला समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी नेमायला सांगितलं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानं शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा राखून ठेवल्या. तरीही मे २०१९मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या आदिवासी कुटुंबातून मुंबईत पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणासाठी गेलेल्या डॉ. पायल तडवीनं आत्महत्या केली. वरिष्ठ डॉक्टरांनी जातीवरून छळल्याचा आरोप घरच्यांनी केला. त्याच वर्षी पायलची आई आणि हैदराबाद विद्यापीठात आत्महत्या केलेल्या संशोधक विद्यार्थी रोहित वेमुलाची आई, अशा दोघी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. हे नियम नीट पाळले जावेत, एवढंच त्यांचं मागणं होतं.

आपल्या महाविद्यालयात तो अधिकारी कोण, हे दहा विद्यार्थ्यांना विचारून पाहा. नाव माहीत नसेल, तर तो कक्ष फक्त फलकावर आहे. तक्रार ऐकणारा माणूस ओळखीचा असला, त्याचा फोन नंबर वर्गात लिहून दिलेला असला, तरच मुलं बोलतात.

करता येईल असं

यातल्या बहुतेक कामांना पैसा लागत नाही. ‘शिष्यवृत्तीवाले उभे राहा’ ही वर्गातली हाक आजपासून बंद करता येते; यादी कार्यालयात ठेवा, मुलाला एकट्याला बोलवा. महाडीबीटी पोर्टलवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज अडला तर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची मुलं नव्यांना मदत करू शकतात, आणि त्या निमित्तानं ओळखही होते. पहिल्या पंधरा दिवसांत प्रात्यक्षिकाचे गट आडनावाच्या किंवा प्रवेशाच्या क्रमानं करू नयेत. चिठ्ठ्या टाकून करावेत आणि सत्र बदललं की गटही बदलावेत. दिव्यांग विद्यार्थ्याची परीक्षा तळमजल्यावर घ्यावी. त्यानं अर्ज करण्याची वाट पाहू नये.

स्नेहसंमेलन संध्याकाळी उशिरापर्यंत चाललं की तांड्यावरची, खेड्यावरची मुलगी अर्ध्यातून उठते, कारण तिची शेवटची बस निघणार असते. कार्यक्रम दुपारी ठेवला तर ती नाटकात कामही करेल. दिवाळीनंतर ऊसतोडीला किंवा बांधकामावर गेलेल्या आईबापांची मुलं धाकट्या भावंडांना सांभाळून वर्गात येतात. त्यांची हजेरी कमी पडली, तर नोटीस लावण्याआधी एक फोन करावा.

आणि पंगत. महिन्यातून एक दिवस प्रत्येकानं डबा आणावा, सतरंजी अंथरावी, प्राध्यापक आणि शिपाई यांनीही त्याच ओळीत बसावं. ज्वारीची भाकर, ठेचा, वरण, पुलाव, ज्याच्या डब्यात जे असेल ते मध्ये ठेवावं. कुणी काय खात नाही हे आधी विचारावं, आणि कुणालाही काही खाण्याची सक्ती नसावी. शंभर वर्षांपूर्वी साताऱ्यात याला धैर्य लागत होतं. आज फक्त ठरवावं लागतं.

ऑगस्ट अखेर प्रत्येक वर्गशिक्षकानं नव्या मुलांना एकेकट्यानं एकच प्रश्न विचारावा, ‘काल दुपारी कुणासोबत डबा खाल्ला?’ मानोऱ्याच्या बसनं येणारी ती मुलगी खाली बघून ‘एकटीनंच’ म्हणाली, तर त्या दिवशीचा धडा बाजूला ठेवावा आणि आधी तिच्या शेजारी कोण बसेल ते पाहावं.