उन्हाळी सुट्टीतील गणित : रोज अर्धा तास

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकत होते तेव्हाचा एक प्रसंग त्यांच्या चरित्रांतून आलेला आहे. शिक्षकांनी त्यांना गणित सोडविण्यासाठी फळ्याकडे बोलाविले. फळ्यामागे सवर्ण मुलांचे जेवणाचे डबे ठेवलेले होते. भीमराव जवळ आला तर डबे बाटतील म्हणून मुलांनी एकच गलका केला आणि धावत जाऊन आपापले डबे बाजूला काढले. त्याच भीमरावांनी १९०७ साली मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण केली आणि १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहून लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. ही पदवी मिळविली.

आज फळ्याची वाट आपल्या मुलांना मोकळी आहे. तरीही गणिताचा तास आला की आपली कित्येक मुले मागच्या बाकावर मान खाली घालून बसतात. आता त्यांना अडविणारे कोणाचे डबे नाहीत. त्यांना अडविते ती त्यांची स्वतःची भीती. ही भीती कोठून येते आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत ती घरच्या घरी कशी घालविता येईल, एवढेच आम्हास येथे सांगावयाचे आहे.

यात लपविण्यासारखे काही नाही; आम्ही स्वतः गणिताच्या धास्तीनेच कला शाखेकडे वळलो. प्राथमिक शाळेत हातच्याची वजाबाकी आम्हास समजली नव्हती. घरी विचारायला कोणी शिकलेले नव्हते. पुढच्या वर्गात गेलो, पण ती वजाबाकी मागेच राहिली आणि तिच्यावर भागाकार, अपूर्णांक, व्याज असे मजले चढत गेले. पुढे बँकेत नोकरी लागली आणि नोटा मोजता मोजता, तिशीच्या उंबरठ्यावर, ती वजाबाकी एके दिवशी उमगली. अवघी दहा मिनिटांची गोष्ट होती! त्या दहा मिनिटांसाठी विज्ञान शाखेचे दार आम्हास कायमचे बंद झाले. आपल्या मुलांचे तसे होऊ नये.

ती दहा मिनिटे अशी. ४०२ मधून १७८ वजा करावयाचे आहेत. गोंधळलेले मूल प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक काढते आणि ३७६ असे उत्तर लिहिते. त्याला रागावू नये. कागदाचे तुकडे करून शंभराच्या, दहाच्या आणि एक रुपयाच्या नोटा बनवाव्यात. ४०२ म्हणजे शंभराच्या चार नोटा, दहाची एकही नाही आणि सुटे दोन रुपये. आता मुलाला सांगावे, ‘‘यातून मला १७८ रुपये दे.’’ दोन रुपयांतून आठ देता येत नाहीत, हे त्याला दिसेल. मग शंभराची एक नोट मोडून दहाच्या दहा नोटा घ्याव्यात. त्यांतली एक मोडून दहा सुटे रुपये घ्यावेत. आता हातात शंभराच्या तीन, दहाच्या नऊ आणि सुटे बारा रुपये झाले. बारातून आठ गेले, चार राहिले. नवातून सात गेले, दोन राहिले. तिनातून एक गेला, दोन राहिले. उत्तर २२४. ‘शेजारून उसना घेतला’ असे आपण म्हणतो, पण कोणी कोणाकडून उसने घेतलेले नसते. आपलीच मोठी नोट आपण मोडलेली असते.

यानंतर ताळा करावा. २२४ आणि १७८ यांची बेरीज ४०२ येते, म्हणून उत्तर बरोबर. तथागतांनी कालामांना केवळ ऐकीव म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून काही मानू नका, असा उपदेश केला. गणितातील ताळा हा त्याच वृत्तीचा लहानसा पाठ आहे. ‘बरोबर आहे का?’ म्हणून मूल आपल्या तोंडाकडे पाहू लागले की त्याला म्हणावे, ‘‘बाळ, ताळा करून तूच सांग.’’

दुसरी अडचण आपल्या भाषेतील संख्यांच्या नावांची आहे. आपण ‘त्रेसष्ट’ म्हणतो तेव्हा तीन आधी ऐकू येतात आणि साठ नंतर. लिहिताना मात्र सहा आधी आणि तीन नंतर. म्हणून लहान मुले त्रेसष्ट ऐकून ३६ लिहितात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘साठ तीन’ अशा पद्धतीचे वाचन जुन्या वाचनाच्या जोडीला दिले गेले, तेव्हा त्यावर मोठा वाद झाला. वाद काहीही असो, मुलाची अडचण खरी आहे. घरी दोन्ही तऱ्हांनी म्हणवून घ्यावे : ‘साठ आणि तीन, त्रेसष्ट.’

अंकांची अशी अदलाबदल मोठ्यांकडूनही होते. दिवसअखेर हिशेब जुळला नाही आणि फरकाला नऊने नि:शेष भाग गेला, तर कोठेतरी अंक उलटे पडले असावेत, असा संशय आम्ही प्रथम घेतो. ६३ आणि ३६ यांतील फरक २७. ५२ आणि २५ यांतीलही २७. ८१ आणि १८ यांतील ६३. सर्वांना नऊने भाग जातो. कारण सोपे आहे. एककाचा ३ दशकात गेला की ३ चे ३० होतात, म्हणजे २७ वाढतात; ६० चे ६ झाले की ५४ कमी होतात. हे वाढणे आणि कमी होणे नेहमी नऊच्या पटीतच असते. हा खेळ मुलांना दाखवा. दोन अंकी संख्या उलट्या करून ती तासभर वजाबाक्या करीत बसतील.

तिसरी गोष्ट पाढ्यांची. पाढे पाठ हवेतच. पण ‘सात आठी’ विचारल्यावर मूल ‘सात एके सात’ पासून सुरुवात करीत असेल, तर त्याला गाणे येते, पाढा येत नाही. त्याला वाट दाखवावी : सात पाचे पस्तीस, सात त्रिक एकवीस, दोन्ही मिळून छप्पन. विसरलेला पाढा असा पुन्हा उभा करता आला म्हणजे भीती जाते.

चौथी गोष्ट भागाकारातील शून्याची. ८१६ रुपये आठ जणांत वाटावयाचे आहेत. बरीच मुले उत्तर १२ लिहितात. येथेही ताळाच उपयोगी पडतो. आठ जणांना बारा-बारा दिले तर ९६ रुपयेच वाटले गेले. बाकीचे ७२० कोठे गेले? पुन्हा नोटा मांडाव्यात. शंभराच्या आठ नोटांपैकी प्रत्येकास एक मिळाली. दहाची एकच नोट, ती आठ जणांत वाटता येत नाही, म्हणून दहाच्या घरात शून्य. ती मोडली की सुटे सोळा झाले, प्रत्येकास दोन. उत्तर १०२.

अपूर्णांकासाठी भाकरीसारखे साधन नाही. पाव मोठा की एक तृतीयांश मोठा, असे विचारल्यास मुले तिनापेक्षा चार मोठे म्हणून पाव मोठा सांगतात. एका भाकरीचे तीन वाटे आणि दुसरीचे चार वाटे करून ताटात ठेवले की वाद मिटतो. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द तर आपल्या घरात रोज उच्चारले जातात. पाऊण किलो म्हणजे ७५० ग्रॅम, हे दुकानात पाठविलेल्या मुलाला पुस्तकाआधी कळते. घरात पावकी, निमकी, दिडकी पाठ असलेले आजोबा असतील तर त्यांना नातवंडांसमोर अवश्य म्हणायला लावा.

शाळेच्या परीक्षा संपल्यापासून जूनच्या मध्यापर्यंत सुमारे सहा आठवडे मिळतात; विदर्भात उन्हामुळे शाळा त्याहून थोड्या उशिरा उघडतात. पहिल्या आठवड्यात मूल नेमके कोठे अडते ते शोधावे. पाचवीत जाणारे मूल दुसरीच्या वजाबाकीवर अडत असेल तर तेथूनच सुरुवात करावी, त्यात कमीपणा नाही. दुसऱ्यात बेरीज-वजाबाकी, तिसऱ्यात पाढे आणि गुणाकार, चौथ्यात भागाकार, पाचव्यात अपूर्णांक आणि मापे, सहाव्यात शाब्दिक उदाहरणे. रोज अर्धा तास पुरे. पाच उदाहरणे समजून सोडविलेली बरी; पन्नास उतरवून काढलेली नकोत. पुढच्या वर्गाचे पुस्तक आधीच उरकण्याची घाई तर मुळीच करू नये.

ज्या माता-पित्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांनी, ‘आम्ही काय शिकविणार?’ असे म्हणू नये. बाजारहाट करणारी आई सुट्या पैशांचा हिशेब तोंडी करते. तिने फक्त ‘कसे केलेस ते मला सांग’ एवढे विचारावे. सांगता सांगता मुलाचे त्यालाच उमगते. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनी संध्याकाळी विहारात लहानांना घेऊन बसावे. विहाराची लांबी-रुंदी टेपने मोजून क्षेत्रफळ काढणे हाच एक उत्तम धडा होईल. शिकविणाऱ्याचे गणितही त्याने पक्के होते.

शेवटी, हे सारे केवळ गुणांसाठी नाही. ‘शेकडा तीन’ व्याज ऐकायला किरकोळ वाटते. पण ते दरमहा असेल, तर ५,००० रुपयांवर महिन्याला १५० आणि वर्षाला १,८०० रुपये होतात, आणि मुद्दल तसेच उभे राहते. कागदावर सही करण्यापूर्वी हा गुणाकार ज्याला करता येतो, त्याला फसविणे सोपे नसते. तो गुणाकार आपल्या प्रत्येक घरात एका तरी मुलामुलीला यावा, यासाठी या सुट्टीतील रोजचा अर्धा तास आपण सर्वांनी द्यावा, ही नम्र विनंती.

जय भीम! नमो बुद्धाय!