न पडलेला पिवळा रुमाल: रिप्ले असूनही एनएफएलमध्ये चुका का होतात?

(या आठवड्याच्या एपिसोडचं लिखित रूप. बोलताना अडखळलो तेवढं काढून टाकलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आज आपण अमेरिकन फुटबॉलबद्दल बोलणार आहोत. थांबा, लगेच स्किप करू नका. खेळाचे नियम माहीत नसले तरी चालेल. आजचा खरा प्रश्न तुमच्या-माझ्या ओळखीचा आहे: कॅमेरे आहेत, स्लो मोशन आहे, न्यूयॉर्कमध्ये बसलेली तज्ज्ञांची टीम आहे, तरीही पंचांच्या चुका थांबत का नाहीत?

आधी खेळ एका मिनिटात समजून घेऊ. दोन्हीकडे अकरा-अकरा खेळाडू. बॉल ज्यांच्याकडे आहे त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असतं. गेले तर नवे चार प्रयत्न मिळतात, नाही गेले तर बॉल समोरच्यांकडे. बॉल गोललाइनपार नेला की टचडाउन, म्हणजे सहा पॉइंट. मैदानावर सात पंच असतात. नियम मोडलेला दिसला की ते पिवळा रुमाल टाकतात. त्याला फ्लॅग म्हणतात. एवढं पुरे.

०२:१० – न्यू ऑर्लिन्स, २० जानेवारी २०१९

ही मॅच जिंकणारा संघ थेट सुपर बोलमध्ये जाणार होता. न्यू ऑर्लिन्स सेंट्स विरुद्ध लॉस एंजेलिस रॅम्स. आपल्याकडे तेव्हा सोमवारची पहाट होती. स्कोअर २०-२०, जेमतेम पावणेदोन मिनिटं शिल्लक. सेंट्सचा क्वार्टरबॅक ड्रू ब्रीज उजव्या बाजूला टॉमीली लुईसकडे पास टाकतो. बॉल अजून हवेतच आहे, आणि रॅम्सचा निकेल रोबी-कोलमन धावत येऊन लुईसला सरळ आडवा करतो.

नियम साधा आहे. बॉल पोहोचायच्या आत रिसीव्हरला असं धडकायचं नाही. याला पास इंटरफिअरन्स म्हणतात. पाच वर्षांच्या पोरालाही कळेल इतकं ते उघड होतं. सगळं स्टेडियम रुमालाची वाट बघत राहिलं. रुमाल पडलाच नाही.

तो पडला असता तर सेंट्सना गोललाइनजवळ नवे प्रयत्न मिळाले असते. घड्याळ जवळजवळ संपवून शेवटी आरामात किक मारता आली असती. तसं झालं नाही. त्यांनी लगेच फील्ड गोल मारून २३-२० केलं, पण रॅम्सना वेळ उरला. त्यांनी बरोबरी साधली आणि ओव्हरटाइममध्ये ५७ यार्डांवरून किक मारून २६-२३ ने मॅच जिंकली.

रोबी-कोलमनने नंतर मान्य केलं की तो लवकर पोहोचला होता. सेंट्सचे कोच शॉन पेटन यांनी सांगितलं की लीगच्या पंचप्रमुखांनी फोनवर चूक कबूल केली. लीगने त्या खेळाडूला २६,७३९ डॉलर्सचा दंडही केला, हेल्मेटवर हेल्मेट आदळल्याबद्दल. म्हणजे चूक सगळ्यांना मान्य, पण निकाल तोच.

मग रिप्ले कुठे होता? तो तिथेच होता. पण पास इंटरफिअरन्स रिप्लेने तपासायचा नाही, असं नियमपुस्तकातच लिहिलेलं होतं. आमच्या भाषेत सांगायचं तर सिस्टिम व्यवस्थित चालत होती, ही गोष्ट फक्त तिच्या स्कोपमध्ये नव्हती.

०५:०० – एक गमतीशीर योगायोग

एनएफएलमध्ये रिप्ले १९८६ साली आला. वर बूथमध्ये बसलेला माणूस टीव्हीवर बघून खालच्या पंचांना रेडिओवरून निर्णय कळवायचा. त्याच वर्षी रेडर्स विरुद्ध चीफ्स मॅचमध्ये बूथमधून सांगितलं गेलं, 'पास इनकम्प्लीट', आणि खाली ऐकू आलं, 'पास इज कम्प्लीट'. झेल सुटलेला असूनही टचडाउन कायम राहिलं! कॅमेऱ्याने बरोबर पाहिलं होतं, बघणाऱ्याचा निर्णयही बरोबर होता, चूक झाली ती मधल्या तारेत.

खेळ रेंगाळतो आणि चुका तरीही होतातच, अशी तक्रार वाढत गेली. १९९२ मध्ये संघमालकांनी मतदान करून रिप्ले बंद केला.

आता गंमत बघा. त्याच १९९२ च्या नोव्हेंबरमध्ये डर्बनला भारत-दक्षिण आफ्रिका टेस्टमध्ये टीव्ही रिप्ले बघून एका बॅट्समनला रनआउट दिलं गेलं. थर्ड अंपायरने आउट दिलेला तो पहिला खेळाडू. कोण? आपला सचिन! एका खेळाने रिप्लेचं दार लावलं त्याच वर्षी दुसऱ्याने ते उघडलं.

एनएफएललाही ते परत उघडावं लागलं. डिसेंबर १९९८ मध्ये न्यूयॉर्क जेट्सचा क्वार्टरबॅक विनी टेस्टावर्डी शेवटच्या क्षणी गोललाइनकडे झेपावला. लाइनपार गेलं ते त्याचं हेल्मेट, बॉल अलीकडेच राहिला. पंचांनी टचडाउन दिलं आणि जेट्स ३२-३१ ने जिंकले. समोरचे सिअ‍ॅटल सीहॉक्स त्या वर्षी प्लेऑफला मुकले आणि मोसम संपल्यावर त्यांच्या कोचची नोकरी गेली. १९९९ पासून रिप्ले परत आला, तो कोचच्या 'चॅलेंज'सह.

०७:३० – सिस्टिम चालते कशी?

कोचला निर्णय पटला नाही तर तो लाल फ्लॅग टाकतो. सुरुवातीला दोन चॅलेंज मिळतात. हरलात तर एक टाइमआउट जातो. २०२४ पासून एक जरी चॅलेंज बरोबर ठरलं तरी तिसरं मिळतं. टचडाउन आणि बॉल गमावण्याचे प्रसंग कोचने न मागताही तपासले जातात. प्रत्येक हाफच्या शेवटच्या दोन मिनिटांत कोचला चॅलेंज करता येत नाही, तिथे बूथच ठरवतं. आणि २०१७ पासून अंतिम निर्णय मैदानावरचा रेफरी देत नाही, तो न्यूयॉर्कच्या सेंटरमधून येतो.

सगळ्यात महत्त्वाची अट वेगळीच आहे. मैदानावरचा निर्णय बदलायचा तर चूक स्पष्ट आणि उघड दिसली पाहिजे. शंका असेल तर आधीचा निर्णय कायम. क्रिकेट बघणाऱ्यांना हे लगेच कळेल. डीआरएसमधला 'अंपायर्स कॉल' आठवा. बॉल स्टंपला जेमतेम घासतोय, अंपायरने आउट दिलं असेल तर आउट, नाही दिलं तर नॉट आउट. एकच बॉल, दोन निकाल.

म्हणजे रिप्ले 'खरं काय झालं?' असं विचारतच नाही. तो विचारतो, 'आधीचा निर्णय नक्की चुकीचा आहे, हे सिद्ध होतंय का?' हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि निम्मे वाद या फरकातूनच येतात.

०९:४० – चुका तीन प्रकारच्या

मी हे डीबगिंगसारखं बघतो. बग नेमका कुठल्या थरात आहे?

पहिला थर: डोळ्यांची चूक. बॉल लाइनपार गेला का? पाय आत होता का? इथे रिप्ले सर्वात उपयोगी. पण कॅमेऱ्यालाही मर्यादा आहेत. साधा हिशेब करू. ताशी ३० किलोमीटरने धावणारा खेळाडू सेकंदाला सुमारे ८.३ मीटर जातो. कॅमेरा सेकंदाला ६० फ्रेम घेत असेल तर दोन फ्रेमच्या मध्ये तो जवळपास १४ सेंटिमीटर सरकतो. अख्खा बॉलच २८ सेंटिमीटरच्या आसपास असतो. म्हणजे अर्धा बॉल दोन चित्रांच्या मधल्या फटीत गायब! काही कॅमेरे याहून वेगवान असतात, पण ते नेमके योग्य कोनात असतील याची खात्री नाही. शिवाय बॉल बऱ्याचदा दहा जणांच्या ढिगाखाली असतो.

याचं ताजं उदाहरण जानेवारी २०२५ चं. बफेलो बिल्स विरुद्ध कॅन्सस सिटी चीफ्स, पुन्हा सुपर बोलच्या दारातली मॅच. चौथा क्वार्टर नुकताच सुरू झालेला, बिल्स २२-२१ ने पुढे. जॉश अ‍ॅलन एक यार्डासाठी गर्दीत घुसला. दोन बाजूंच्या दोन पंचांना बॉल वेगवेगळ्या जागी दिसला. निर्णय झाला, 'थोडक्यात कमी'. रिप्ले बघितला, पण ढिगात बॉल स्पष्ट दिसेना, म्हणून निर्णय कायम. चीफ्स पुढे ३२-२९ ने जिंकले. सुरुवातीला उलटा निर्णय दिला असता, तर बहुधा तोही कायमच राहिला असता.

दुसरा थर: नियमाचीच चूक. १९ जानेवारी २००२, बोस्टनजवळ फॉक्सबरो, धो-धो बर्फ. ऑकलंड रेडर्सच्या चार्ल्स वुडसनने तरुण टॉम ब्रेडीला धडक दिली, बॉल निसटला, रेडर्सनी तो उचलला. मॅच संपल्यात जमा. पण तेव्हा 'टक रूल' नावाचा नियम होता. क्वार्टरबॅकचा हात पास टाकायला पुढे गेला असेल आणि मग बॉल छातीशी घेताना निसटला, तरी तो पासच धरायचा. रिप्ले बघून रेफरीने निर्णय फिरवला. पेट्रियट्सनी बरोबरी साधली आणि ओव्हरटाइममध्ये १६-१३ ने जिंकले. दोन आठवड्यांनी ते चॅम्पियन झाले.

इथे रिप्लेने नियम अगदी बरोबर लावला, पण नियमच असा की बघणाऱ्याला पटेना. २०१३ मध्ये तो रद्द झाला. तसंच जानेवारी २०१५ मध्ये डॅलसच्या डेझ ब्रायंटने ग्रीन बेविरुद्ध हवेत उडी मारून घेतलेला झेल रिप्लेवर नाकारला गेला, कारण जमिनीवर पडताना बॉल हलला. 'झेल म्हणजे काय?' यावर लोक वर्षानुवर्षं भांडले आणि २०१८ मध्ये व्याख्याच बदलावी लागली. रिक्वायरमेंट डॉक्युमेंट चुकलेलं असेल तर टेस्टिंग कितीही चांगलं करा, काय उपयोग?

तिसरा थर: अंदाजाची चूक. धक्का लागला हे दिसतं. पण तो 'फार' लागला का? दोघेही एकमेकांना ढकलत होते का? लाइनसारखं इथे मोजता येत नाही. त्यात स्लो मोशन घात करतं. पाव सेकंदाचा स्पर्श चार सेकंद ताणून दाखवला की साधी धक्काबुक्कीही गुन्हा वाटायला लागते.

१३:१५ – रागाच्या भरात केलेला पॅच

न्यू ऑर्लिन्सच्या त्या मॅचनंतर शहर पेटून उठलं. चाहत्यांनी कोर्टात खटले भरले. दोनच महिन्यांत संघांनी ३१ विरुद्ध १ मतांनी नियम बदलला: २०१९ च्या मोसमापुरता पास इंटरफिअरन्सही रिप्लेने तपासायचा, रुमाल पडलेला असो वा नसो.

झालं काय? 'स्पष्ट' म्हणजे नेमकं किती स्पष्ट, हेच कुणाला कळेना. एका मॅचमध्ये निर्णय फिरायचा, दुसरीकडे तसाच प्रसंग असून फिरायचा नाही. पुढे पुढे तर कोच वैतागून विचारायला लागले की चॅलेंज टाकायचं तरी कशावर. २०२० मध्ये तो नियम गुपचूप संपला.

मला यात माझंच काहीतरी दिसलं. आमच्या टीममध्ये एकदा प्रॉडक्शनला मोठा बग गेला. रात्रभर जागलो, सकाळी चिडून नेमक्या त्याच बगसाठी अलर्ट लावला. मग खऱ्या-खोट्या सगळ्यावर तो वाजायला लागला. महिन्याभरात आम्हीच तो म्युट केला, आणि तो म्युट करणारा मीच होतो. एक भयंकर केस बघून सगळ्या केसेससाठी नियम लिहिला की बहुतेक वेळा असंच होतं.

१५:०० – आता कुठे आहोत?

२०२५ पासून दहा यार्ड मोजायला साखळी ओढत आणणं बंद झालं, कॅमेऱ्यांवर चालणारी हॉक-आय सिस्टिम मोजते. हो, क्रिकेटमधलंच हॉक-आय. पण बॉल कुठे थांबला ती जागा अजूनही माणूसच ठरवतो. मोजमाप अचूक, सुरुवातीचा बिंदू मात्र अंदाजाचा!

आणखी एक बदल झाला. वरून बघणारे आता काही फाउल्सच्या बाबतीत मैदानावरच्या पंचांना मदत करू शकतात. चुकून पडलेला रुमाल ते उचलायला लावू शकतात. पण न पडलेला रुमाल टाकायला लावू शकत नाहीत. म्हणजे २०१९ ची ती धडक उद्या जशीच्या तशी झाली, तर? सगळ्या जगाला ती दिसेल, आणि तरीही काही करता येणार नाही.

हे ऐकायला विचित्र वाटतं, पण मला त्यामागचं कारण पटतं. न टाकलेले रुमाल शोधायचे ठरवलं तर प्रत्येक प्लेमध्ये काही ना काही सापडेल. २२ माणसं एकमेकांवर आदळतायत, कुठे ना कुठे कुणीतरी कुणाचा शर्ट धरलेला असतोच. मग खेळ संपणारच नाही. म्हणून लीगने कुठली चूक सहन करायची ते निवडलंय. सेंट्सच्या चाहत्यांना हे समजावून सांगायला मी जाणार नाही, एवढं नक्की!

तर मंडळी, पुढच्या वेळी आयपीएलमध्ये 'अंपायर्स कॉल' आला आणि ग्रुपवर शिव्यांचा पाऊस सुरू झाला, तर एक क्षण थांबा आणि विचारा: चूक डोळ्यांची होती, नियमाची होती, की अंदाजाची? पहिलीला कॅमेरा लागतो, दुसरीला नवा नियम. तिसरीवर अजून कुणाकडेच पक्कं औषध नाही.

तुमच्या डोक्यात रुतून बसलेला पंचांचा निर्णय कुठला? कुठलाही खेळ चालेल, गल्ली क्रिकेटसुद्धा. व्हॉइस नोट पाठवा, निवडक पुढच्या एपिसोडमध्ये ऐकवेन. भेटू पुढच्या आठवड्यात. तोवर ऐकत राहा!