प्रकाशाच्या साहाय्याने जंतुनाश : एक परिचय

कोथरूडपासून फार दूर नसलेल्या पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि आपल्या देशात पेनिसिलिन तयार होऊ लागले. त्याआधीच, १९४५ साली, पेनिसिलिनचे संशोधक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी नोबेल व्याख्यानात इशारा दिला होता की, औषध अपुऱ्या मात्रेत घेतल्यास जंतू त्याला दाद देईनासे होतील. तो इशारा दुर्दैवाने खरा ठरला. एकट्या २०१९ या वर्षी अशा जीवाणूंमुळे जगभरात सुमारे १२.७ लाख मृत्यू झाल्याचा अंदाज आहे.

या पार्श्वभूमीवर एका वेगळ्या उपचाराची माहिती आमच्या हितचिंतकांना द्यावी, असे आम्हांस वाटते. १९०० च्या सुमारास म्युनिक येथे ऑस्कर राब या विद्यार्थ्यास असे दिसून आले की, ॲक्रिडीन रंगाच्या द्रावणातील सूक्ष्मजीव उजेडात लवकर मरतात, अंधारात मात्र दीर्घकाळ तग धरतात. याच निरीक्षणातून 'फोटोडायनॅमिक' उपचार विकसित झाला. यात मिथिलीन ब्लूसारखे रंगद्रव्य जखमेवर लावतात. त्याचे रेणू जीवाणूंना चिकटतात. मग त्यावर ठरावीक तरंगलांबीचा लाल प्रकाश सोडला की, रेणू ती ऊर्जा शोषून जवळच्या प्राणवायूस देतात. हा उत्तेजित प्राणवायू क्षणभरच टिकतो. परंतु तेवढ्यात जीवाणूचे आवरण, प्रथिने आणि जनुकद्रव्य यांवर एकदम आघात करतो. प्रतिजैविकाचा मारा बहुधा एखाद्या ठरावीक जागी असतो व तेथे बदल करून जीवाणू निसटतो. चहूबाजूंच्या आघातातून निसटणे त्याला फार अवघड जाते.

मात्र, या उपचाराच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. प्रकाश शरीरात काही मिलिमीटरच शिरतो. म्हणून हिरड्यांचे विकार, भाजल्याच्या जखमा, मधुमेही रुग्णांच्या पायाचे व्रण अशा पृष्ठभागावरील संसर्गातच त्याचा उपयोग संभवतो, तोही मुख्य उपचारास पूरक म्हणून. रक्तात पसरलेल्या संसर्गावर तो चालत नाही. हळदीतील कर्क्युमिनही निळ्या प्रकाशात जंतुनाशक ठरते, हे प्रयोगांत दिसले आहे. तथापि हळद लावून उन्हात बसणे हा त्याला पर्याय नव्हे. आयुर्वेदात कोडावर वापरली जाणारी बावचीही उन्हाच्या साहाय्यानेच काम करते. मात्रा चुकल्यास तीच त्वचा भाजते.

सारांश, फुप्फुसात वा रक्तात संसर्ग झाला असता आजही प्रतिजैविकांचाच आधार आहे व तो जपणे आपल्याच हाती आहे. रुग्णांच्या नातेवाइकांस आमची नम्र विनंती आहे की, वेष्टनावर लाल उभी रेघ असलेले औषध वैद्यकीय सल्ल्याविना घेऊ नये, डॉक्टरांनी सांगितलेली मुदत पूर्ण करावी आणि उरलेल्या गोळ्या दुसऱ्यास देऊ नयेत. देणगीदारांनीही ध्यानी घ्यावे की, कोणता जंतू कोणत्या औषधास दाद देतो हे सांगणारी 'कल्चर' तपासणी वेळेवर होणे, ही नव्या यंत्राइतकीच मोलाची सेवा आहे.