एका किलोमीटरवरचा व्हिडिओ अडखळतो कुठे?

हैदराबादच्या तारनाका मेट्रो स्टेशनपासून तुमचं घर एका किलोमीटरवर आहे असं धरू. घरात टीव्हीच्या मागे एक जुना लॅपटॉप चोवीस तास चालू असतो. त्यावर जेलीफिन हा व्हिडिओ सर्व्हर टाकलेला आहे आणि डिस्कवर घरचं सगळं भांडार आहे. लग्नाच्या व्हीएचएस कॅसेटवरून उतरवून घेतलेल्या फाइली, हुसेनसागरपर्यंतच्या गणपतीच्या मिरवणुका, मुलांची स्नेहसंमेलनं, विकत घेतलेल्या डिस्कवरची मराठी नाटकं. घरच्या वायफायवर यातलं काहीही विनातक्रार चालतं. फलाटावर उभं राहून मोबाइल डेटावर तेच लावलं, की गोल चक्र फिरत बसतं.

सगळ्यात आधी संशय येतो तो अंतराचा, आणि अंतर बिचारं निर्दोष असतं. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. एका किलोमीटरला त्याला पाच मायक्रोसेकंद लागतात. अर्थात तुमची मागणी सरळ घरी जात नाही. फोनकडून ती टॉवरवर जाते, तिथून मोबाइल कंपनीच्या गेटवेला, तिथून तुमच्या ब्रॉडबँड कंपनीकडे आणि मग घराच्या राउटरवर. या दोन कंपन्यांची गाठ हैदराबादेतच पडली तर उत्तम. नाही पडली, तर तारनाक्याहून तारनाक्याला निघालेली मागणी मुंबईला वळसा घालून येऊ शकते. रस्त्याने मोजलं तर जाऊन-येऊन चौदाशे किलोमीटर, प्रकाशाच्या हिशेबात सात मिलिसेकंद. उत्तर त्याच वाटेने आलं तर चौदा. पापणी लवायला याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. ज्या सिनेमाचे पुढचे तीस सेकंद फोन आधीच भरून ठेवतो, त्याला या वळशाने काहीच फरक पडत नाही.

मग ‘नेट स्लो आहे’ असं म्हणून आपण विषय संपवतो. मला हे वाक्य आवडत नाही, कारण त्यातून काहीच कळत नाही. कुठलं नेट? कुठल्या दिशेने? घरीच बसून फोनचं वायफाय बंद करा आणि मोबाइल डेटावर तोच व्हिडिओ, त्याच जागेपासून लावा. फोन तोच, सर्व्हर तोच, फाइल तीच, बदलली ती फक्त वाट. आता नीट बघा: जोडणीच होत नाही, की सुरू व्हायला उशीर लागतो, की सुरू होऊन दर मिनिटाला थांबतो? ही तीन निरनिराळी दुखणी आहेत आणि प्रत्येकाचं औषध वेगळं.

जोडणीच होत नसेल, तर राउटरच्या पानावर जाऊन बाहेरच्या बाजूचा पत्ता वाचा. तो १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या कुठल्याही आकड्याने सुरू होत असेल, तर कारण सापडलं. इंटरनेटच्या जुन्या पत्त्यांना, म्हणजे आयपीव्ही४ला, ३२ बिट असतात. सगळे मिळून ४२९ कोटी पत्ते. १९८१ साली ही पद्धत लेखी ठरली तेव्हा हा आकडा अफाट वाटला असेल. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जगाच्या मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे गठ्ठे वाटून झाले आणि कोठार रिकामं झालं. पुढच्याच वर्षी, एप्रिल २०१२ मध्ये, सुमारे ४२ लाख पत्त्यांचा एक पट्टा मुद्दाम बाजूला काढला गेला. हे पत्ते जगाला दिसायचे नाहीत, कंपन्यांनी ते आपल्याच ग्राहकांना आतल्या आत वापरायला द्यायचे आणि अनेक घरांना मिळून बाहेरचा एकच पत्ता ठेवायचा. १००.६४चा पट्टा तो हाच. या व्यवस्थेला सीजीनॅट म्हणतात.

हैदराबादेतल्या मोठ्या अपार्टमेंटच्या गेटवरचा वॉचमन डोळ्यासमोर आणा. आतल्या माणसाने ‘माझं पार्सल येणार आहे’ असं आधी सांगितलेलं असेल, तर तो पार्सलवाल्याला आत सोडतो. न सांगता कोणी आलं आणि नुसतं इमारतीचं नाव घेतलं, तर कुठल्या फ्लॅटकडे पाठवायचं हे त्याला कळायलाच मार्ग नसतो. तो परत पाठवतो. सीजीनॅट नेमकं हेच करतं. घरातून बाहेर बघायला, सिनेमे मागवायला, बँकेचे व्यवहार करायला काही अडचण नाही, कारण सुरुवात आतून होते. तुमचा सर्व्हर मात्र बाहेरून येणाऱ्या हाकेची वाट बघत बसलाय, आणि ती हाक गेटवरच अडते. राउटरमध्ये पोर्ट कितीही वेळा उघडा, काही होणार नाही. ते दार तुमच्या फ्लॅटचं आहे, अडवणूक खाली गेटवर चालली आहे.

यावरचा एक तोडगा मला आजही थक्क करतो. फोन आणि सर्व्हर दोघेही बाहेरच्या एका ओळखीच्या यंत्राला आधी आपला ठावठिकाणा कळवतात. ते यंत्र दोघांना एकमेकांचा पत्ता सांगतं. मग दोघेही जवळजवळ एकाच वेळी एकमेकांच्या दिशेने पॅकेट सोडतात. फोनच्या बाजूच्या वॉचमनला वाटतं, आपल्या माणसाने पार्सल मागवलंय. घराच्या बाजूच्या वॉचमनलाही तसंच वाटतं. समोरून आलेलं पॅकेट हे आपल्याच माणसाच्या मागणीचं उत्तर आहे असं समजून दोघेही दार उघडतात. मागणी कोणी केली आणि उत्तर कोणी दिलं, हे ठरवताच येत नाही, आणि दोन बंद गेटांमधून सरळ रस्ता तयार होतो. टेलस्केलसारखी साधनं हेच करतात. त्यांच्या पोटात वायरगार्ड हे सुरक्षित वाट बांधणारं सॉफ्टवेअर असतं, जेसन डोनेनफेल्ड यांनी लिहिलेलं, जेमतेम चार हजार ओळींच्या घरातलं, आणि मार्च २०२० पासून लिनक्सच्या गाभ्यातच सामील झालेलं.

ही युक्ती प्रत्येक वेळी जमतेच असं नाही. काही वॉचमन फारच कडक असतात. जमली नाही की ही साधनं सगळा व्हिडिओ मधल्या एका यंत्रामार्फत पाठवतात. तेव्हा सगळं चालू दिसतं, पोस्टर येतात, पण वेग एका पातळीवर जो अडकतो तो हलत नाही. टेलस्केलला स्थिती विचारली की ते ‘डायरेक्ट’ किंवा ‘रिले’ असं स्पष्ट सांगतं. ‘रिले’ दिसलं तर सर्व्हरच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

याहून सरळ मार्ग आपल्या देशात हाताशी आहे आणि फार थोडे लोक तो वापरतात. नव्या पत्त्यांना, आयपीव्ही६ला, १२८ बिट असतात. एका घराला सर्वसाधारणपणे जो छोट्यात छोटा तुकडा मिळतो, त्यातच दोनचा चौसष्टावा घात इतके पत्ते मावतात. म्हणजे जुन्या अख्ख्या इंटरनेटमधल्या पत्त्यांच्या ४२९ कोटी पट, एकट्या तारनाक्यातल्या दोन खोल्यांसाठी! सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं तेच या नव्या पत्त्यांवर उभं राहून. कोट्यवधी नव्या ग्राहकांना पुरतील एवढे जुने पत्ते उरलेच नव्हते. गूगलच्या मोजणीत भारतातून येणाऱ्यांपैकी निम्म्याहून बरेच जास्त लोक आज आयपीव्ही६वरून येतात, आणि या बाबतीत आपण अनेक श्रीमंत देशांच्या पुढे आहोत. तुमच्या खिशातल्या फोनला असा पत्ता बहुधा आहेच. घरच्या ब्रॉडबँडलाही तो मिळत असेल तर गेट, वॉचमन, पार्सल यांची गरजच संपते. राउटरच्या फायरवॉलमध्ये फक्त सर्व्हरपुरती एक वाट मोकळी करावी लागते. मी तीही वाट वायरगार्डलाच देते. जेलीफिनचं दार थेट जगासमोर उघडं ठेवणं मला पटत नाही.

बोगद्यातून, म्हणजे वायरगार्डसारख्या गुंडाळलेल्या वाटेने जाताना एक विलक्षण बिघाड भेटतो. लॉगिन होतं, यादी दिसते, व्हिडिओ मात्र सुरूच होत नाही. वाटेवर एका पॅकेटच्या आकाराला मर्यादा असते, साधारणपणे १५०० बाइट. बोगदा त्यावर आपलं वेष्टण चढवतो, म्हणून आतल्या मालाला १४२०च उरतात. मोबाइलच्या वाटेवर आणखी एखादं वेष्टण चढलं की भरलेली पॅकेटं मावत नाहीत आणि ती मुकाट्याने टाकून दिली जातात. यादी छोट्या पॅकेटांत येते म्हणून ती दिसते. व्हिडिओची सगळी पॅकेटं काठोकाठ भरलेली असतात. बोगद्याचा एमटीयू, म्हणजे ही आकाराची मर्यादा, १२८०वर आणली की हे दुखणं बहुधा जातं. आयपीव्ही६च्या नियमाप्रमाणे कुठल्याही वाटेला किमान तेवढा आकार वाहून न्यावाच लागतो, म्हणून बोगदा त्याहून लहान करायचा नाही.

आता हवेतला टप्पा. फोरजीच्या टॉवरकडे १८० किलोहर्ट्झच्या पट्ट्या असतात, आणि दर मिलिसेकंदाला तो ठरवतो की कोणती पट्टी कोणत्या फोनला द्यायची. संध्याकाळी मेट्रोचे दरवाजे उघडतात आणि शेकडो फोन एकदम हात पुढे करतात, तेव्हाही हे वाटप सेकंदाला हजार वेळा चालूच असतं. गाडी तारनाक्याहून हब्सिगुड्याकडे निघाली की तुमचा फोन एका टॉवरच्या हातून दुसऱ्याच्या हाती जातो. तरी त्याचा पत्ता बदलत नाही, कारण तो पत्ता टॉवरवर नसतोच. तो दूरच्या गेटवेपाशी असतो, आणि प्रत्येक पॅकेट तिथपर्यंत मोबाइल कंपनीच्या बोगद्यातून नेलं जातं. टॉवर बदलला की फक्त बोगद्याचं तोंड हलवतात. सिनेमाला याची गंधवार्ताही नसते. त्या बदलात मात्र क्षणभर पॅकेटं खोळंबतात किंवा हरवतात, आणि घरचा सर्व्हर त्याचा चुकीचा अर्थ लावतो.

का लावतो, याची गोष्ट १९८६च्या ऑक्टोबरातली आहे. कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा आणि बर्कले विद्यापीठ यांच्यामधलं अंतर सुमारे ३६५ मीटर. त्यांना जोडणाऱ्या तारेवरचा वेग एके दिवशी सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळला. आठशे पट! व्हॅन जेकबसन आणि मायकेल कॅरल्स यांनी शोध घेतला. वाट तुंबली की पॅकेटं हरवत होती, आणि हरवली की यंत्रं ती पुन्हा पुन्हा पाठवून वाट आणखी तुंबवत होती. पाठवणाऱ्याने हळू सुरुवात करायची, अंदाज घेत वेग वाढवायचा आणि पॅकेट हरवलं की लगेच हात आखडायचा, हा त्यांचा उपाय १९८८ साली प्रसिद्ध झाला. आजचं इंटरनेट कोसळत नाही ते त्यामुळेच. पण त्या उपायाने एक गोष्ट गृहीत धरली आहे: हरवलं म्हणजे तुंबलं. मेट्रोत टॉवर बदलताना हरवलेल्या पॅकेटाला हे लागू नसतं. सर्व्हर तरीही वेग कमी करतो आणि पुन्हा हळूहळू चढत बसतो.

२०१६ मध्ये गूगलच्या अभियंत्यांनी बीबीआर नावाची वेगळी रीत मांडली. ती हरवलेल्या पॅकेटांवरून घाबरत नाही. वाट प्रत्यक्षात किती माल पोचवते आणि रिकामी असताना किती वेळ घेते, हे ती सतत मोजत राहते. पाठवण्याचा वेग पाठवणारा ठरवतो, म्हणून हा बदल फोनमध्ये करायचा नसून सर्व्हरवर करायचा. लॅपटॉपवर लिनक्स असेल तर दोन ओळींचं काम आहे. चालत्या गाडीतून बघणाऱ्याने ते जरूर करावं.

एवढं करूनही मिरवणुकीचाच व्हिडिओ अडत असेल, तर तो गुलालाचा प्रताप असू शकतो. पूर्ण एचडी चित्राच्या एका चौकटीत २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. सेकंदाला तीस चौकटी धरल्या तर कच्च्या चित्राला सेकंदाला सुमारे ७४६ मेगाबिट लागतात. फोनवर आपण ते पाच मेगाबिटात बघतो. दीडशे पट आक्रसलेलं! हे जमतं, कारण संकोचक प्रत्येक चौकट नव्याने लिहीतच नाही. मागच्या चौकटीतला हा तुकडा इतका सरकला, एवढंच तो टिपून ठेवतो. नाटकाच्या चित्रीकरणात कॅमेरा स्थिर, मागे काळा पडदा, दोनच माणसं हलणारी. त्याला फार थोड्या बिटांत भागतं. मिरवणुकीत ढोल-ताशाच्या वर गुलाल उधळला की हवेतला प्रत्येक कण आपल्या मनाने चालतो. मागच्या चौकटीवरून पुढचीचा अंदाजच लागत नाही, आणि बिटांची गरज एकदम कितीतरी वाढते. दोन तासांची आठ जीबीची फाइल सरासरी नऊ मेगाबिट मागते खरी, पण ती सरासरी. गुलालाच्या त्या मिनिटाला घरच्या जोडणीचा अपलोड कमी पडला की चक्र फिरलंच. वेगमापकावर दिसणाऱ्या दोन आकड्यांपैकी इथे दुसरा बघायचा, कारण आता पाठवणारे तुम्ही आहात.

अपलोड पुरत असूनही अडत असेल, तर जेलीफिनच्या डॅशबोर्डवर चालू व्हिडिओची नोंद उघडून बघा. ‘डायरेक्ट’ असं असेल तर फाइल जशीच्या तशी जाते आहे. ‘ट्रान्सकोडिंग’ असेल तर लॅपटॉप ती उलगडून पुन्हा नव्याने आक्रसतो आहे, आणि शेजारी त्याचं कारणही लिहिलेलं असतं. कितीदा तरी ते कारण सबटायटल हेच निघतं. ब्ल्यू-रेवरची सबटायटलं म्हणजे अक्षरं नसून छोटी चित्रं असतात. ती दाखवायची तर बहुधा प्रत्येक चौकटीवर ती उमटवून चौकट पुन्हा लिहावी लागते. सबटायटल बंद करताच जुना लॅपटॉप एकदम तरतरीत होतो. साध्या मजकुराची सबटायटल फाइल मिळाली तर तीच जोडावी.

बाहेर बघायचे व्हिडिओ रात्रीच एचईव्हीसी या पद्धतीने आक्रसून वेगळ्या फोल्डरात ठेवणं मला सगळ्यात सोयीचं वाटतं. मूळ प्रतीला हात लावायचा नाही. फोनच्या पडद्याला ७२० ओळी पुरतात. ठरावीक बिटरेट देण्यापेक्षा ठरावीक दर्जा द्यावा, म्हणजे नाटक आपोआप कमी बिट घेतं आणि मिरवणूक जास्त. त्यावर अपलोडच्या निम्म्याएवढी कमाल मर्यादा घालावी, म्हणजे गुलाल उडाला तरी वाट पुरते. आणि फाइल लिहिताना एफएफएमपेग या रूपांतराच्या साधनाला ‘फास्टस्टार्ट’ सांगायला विसरू नये. एमपी४ फाइलची अनुक्रमणिका एरवी शेवटी लिहिली जाते, कारण चित्रीकरण संपेपर्यंत ती तयारच नसते. ‘फास्टस्टार्ट’ने ती सुरुवातीला येते, आणि फोनला पहिलं चित्र दाखवण्याआधी फाइलच्या टोकापर्यंत हेलपाटा मारावा लागत नाही.