स्थलांतराचा आलेख आणि इंग्रजीचा पेपर

बुलडाणा : दिवाळी आटोपली की लोणार, सिंदखेडराजा, देऊळगाव राजा या भागातून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या साखर कारखान्यांच्या दिशेने रवाना होऊ लागतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी नवरा-बायकोचा एक कोयता पहाटेच्या अंधारात फडात उतरतो आणि मोळ्या बांधून गाडी भरेपर्यंत दिवस कधीच मावळलेला असतो. कुणी वीटभट्टीची वाट धरतो, तर थोडीफार शिकलेली मुले पुणे, छत्रपती संभाजीनगर किंवा सुरतेच्या कारखान्यांत बारा-बारा तासांची पाळी करतात. याच घरांतील मुलामुलींपुढे इंग्रजीच्या परीक्षेत ‘स्थलांतराचे बदलते प्रवाह’ किंवा ‘कामाचे वाढते तास’ असा विषय येतो, तेव्हा मात्र त्यांची लेखणी अडखळते. विषय अंगणातला असतो, उत्तर मात्र गाइडमधून पाठ केलेले असते. परीक्षकाला ते पहिल्या दोन ओळींतच ओळखू येते आणि गुण तिथेच निसटू लागतात.

हे गुण वाचविणे शक्य आहे. त्यासाठी अवघड शब्दांच्या याद्या पाठ करण्यापेक्षा प्रश्न नेमके काय विचारतो, आकडे कसे वाचावेत आणि मराठी वळणाच्या कोणत्या चुका टाळाव्यात, एवढे समजून घेणे अधिक उपयोगाचे आहे.

परीक्षा काय मागते?

राज्य मंडळाच्या दहावीच्या इंग्रजीत तक्ता, आलेख किंवा आकृतीतील माहिती परिच्छेदाच्या रूपात मांडण्याचा प्रश्न असतो. बारावीच्या लेखन विभागात अहवाल, भाषण, कल्पनाविस्तार, मत आणि प्रतिमत असे प्रकार येतात. परदेशी विद्यापीठांत प्रवेशासाठी द्यावयाच्या ‘आयईएलटीएस’ या परीक्षेत हीच दोन कौशल्ये अधिक काटेकोरपणे तपासली जातात. तिच्या शैक्षणिक शाखेतील लेखनाचा पेपर एक तासाचा असतो. पहिल्या प्रश्नात आलेख किंवा तक्त्याचे किमान १५० शब्दांत वर्णन करायचे असते, तर दुसऱ्या प्रश्नात एखाद्या सामाजिक विषयावर किमान २५० शब्दांचा निबंध लिहायचा असतो. पहिल्यासाठी २० आणि दुसऱ्यासाठी ४० मिनिटे द्यावीत, अशी अपेक्षा असते. दुसऱ्या प्रश्नाचे वजन पहिल्याच्या दुप्पट असते. प्रश्नाला दिलेला प्रतिसाद, मांडणीतील सुसंगती, शब्दसंपदा आणि व्याकरण या चार निकषांवर समान गुण दिले जातात. म्हणजेच व्याकरणाची एकही चूक नसलेले, परंतु विषय सोडून भरकटलेले उत्तर मागेच पडते.

ही परीक्षा बुलडाण्यासाठी आता दूरची राहिलेली नाही. लोणार तालुक्यातील पिंपरी खंदारे या गावचे राजू केंद्रे यांना २०२१ मध्ये ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती मिळाली आणि ते लंडनला उच्च शिक्षणासाठी गेले. त्यांनी उभारलेली ‘एकलव्य’ ही संस्था पहिल्या पिढीतील विद्यार्थ्यांना नामवंत विद्यापीठांपर्यंत पोहोचविण्याचे काम करते. राज्य शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीमुळेही ग्रामीण भागातील मुलांना हे दार किलकिले झाले आहे. त्या दाराचा उंबरठा बहुतेकदा इंग्रजी लेखनाचाच असतो.

आकडे वाचण्याची रीत

जिल्ह्याचेच उदाहरण घेऊ. २००१ च्या जनगणनेत बुलडाणा जिल्ह्याची लोकसंख्या २२ लाख ३२ हजार ४८० होती. २०११ मध्ये ती २५ लाख ८६ हजार २५८ झाली. ही वाढ ३ लाख ५३ हजार ७७८ इतकी, म्हणजे सुमारे १५.८५ टक्के आहे. हे इंग्रजीत मांडताना विद्यार्थी पहिली चूक ‘बाय’ आणि ‘टू’ या दोन शब्दांत करतात. किती वाढ झाली, हे सांगताना ‘बाय’ येतो, तर कुठवर वाढ झाली, हे सांगताना ‘टू’ येतो. लोकसंख्या साडेतीन लाखांनी ‘बाय’ वाढली आणि पंचवीस लाख शहाऐंशी हजारांवर ‘टू’ गेली. या दोन शब्दांची अदलाबदल झाली की संपूर्ण विधानच खोटे ठरते. परीक्षक ही भाषेची चूक धरतो आणि आशयाचीही.

दुसरी चूक टक्केवारीतील आहे. देशात २००१ मध्ये स्थलांतरित म्हणून नोंदल्या गेलेल्यांची संख्या ३१ कोटींहून अधिक होती, ती २०११ मध्ये ४५ कोटींहून अधिक झाली. लोकसंख्येतील त्यांचा वाटा ३० टक्क्यांहून किंचित अधिक होता, तो ३७ टक्क्यांच्या पुढे गेला. येथे वाटा ‘सात टक्क्यांनी वाढला’ असे लिहिणे चूक आहे. तो सात टक्केबिंदूंनी, म्हणजे इंग्रजीत ‘पर्सेंटेज पॉइंट्स’नी वाढला. मूळ वाट्याच्या तुलनेत ही वाढ वीस टक्क्यांहून अधिक भरते.

तिसरी चूक काळाची. आकडे २००१ किंवा २०११ चे असतील, तर क्रियापद भूतकाळीच हवे. चौथी आणि सर्वांत महागडी चूक म्हणजे आलेखात नसलेली कारणे सांगणे. दुष्काळ, बेरोजगारी, नापिकी ही कारणे खरी असली, तरी आलेखाच्या वर्णनात त्यांना जागा नाही. तेथे आधी एक-दोन वाक्यांत एकूण चित्र सांगावे, मग सर्वांत मोठा, सर्वांत लहान आणि वेगळा दिसणारा आकडा निवडून तुलना करावी. प्रत्येक आकडा ओळीने उतरवून काढणे हे वर्णन ठरत नाही.

आलेख डोळे उघडे ठेवून वाचला तर तो गैरसमजही दूर करतो. स्थलांतर म्हणजे नोकरीसाठी गाव सोडणे, असे आपण गृहीत धरतो. परंतु २०११ च्या जनगणनेत स्थलांतराचे सर्वांत मोठे कारण विवाह हे होते आणि त्याचा वाटा सुमारे ४६ टक्के होता. काम किंवा रोजगार हे कारण जेमतेम दहा टक्क्यांच्या आसपास नोंदले गेले. सासरी गेलेली प्रत्येक मुलगी या मोजणीत स्थलांतरित असते, हे लक्षात घेतले की कोडे उलगडते. उलट, काही महिन्यांसाठी जाऊन परतणारे हंगामी मजूर या आकड्यांत पुरेसे उमटत नाहीत, असे अभ्यासक सातत्याने सांगत आले आहेत. ही गोष्ट निबंधात लिहिणारा विद्यार्थी शेकडो उत्तरांतून वेगळा उठून दिसेल.

निबंधात बाजू हवी

‘कामाचे तास वाढत आहेत, हे योग्य की अयोग्य?’ या प्रश्नावर ‘प्रत्येक नाण्याला दोन बाजू असतात’ अशी सुरुवात करून शेवटी कोणतीच बाजू न घेणे, हा बहुतेक उत्तरांचा ठराविक साचा असतो. लेखकाचे मत पहिल्याच परिच्छेदात स्पष्ट व्हायला हवे. त्यानंतरच्या दोन परिच्छेदांत प्रत्येकी एकच मुद्दा, त्याचे स्पष्टीकरण आणि एक उदाहरण असावे. शेवटच्या परिच्छेदात निष्कर्ष द्यावा, नवा मुद्दा आणू नये.

उदाहरणांची वानवा मुळीच नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि १८९० मध्ये कामगारांना रविवारची साप्ताहिक सुटी मिळाली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९१९ च्या पहिल्याच ठरावाने उद्योगांत दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली व भारताने १९२१ मध्ये त्या ठरावाला मान्यता दिली. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाने कायद्यानेही आठवड्याची मर्यादा ४८ तासच ठेवली आणि जादा कामाला दुप्पट दराने मजुरी ठरविली. दुसऱ्या बाजूला, तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करण्याची तयारी ठेवावी, असे मत इन्फोसिसचे संस्थापक नारायण मूर्ती यांनी २०२३ मध्ये मांडले आणि देशभर वाद झडला. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनंदिन कामाची मर्यादा ९ वरून १२ तासांपर्यंत नेण्यास मंजुरी दिली.

आरोग्याचा मुद्दा मांडायचा तर जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास उपयोगी पडतो. आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी, तर हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी अधिक असल्याचे त्यात आढळले. एवढा एक आकडा ‘आरोग्यावर वाईट परिणाम होतो’ या मोघम वाक्याची जागा घेऊ शकतो.

तथापि, सर्वांत बळकट उदाहरण घरातलेच असते. कार्यालयातील अधिकारी बढतीसाठी उशिरापर्यंत थांबतो आणि ऊसतोड मजूर टनावर मजुरी व डोक्यावर उचल असल्याने थांबू शकत नाही. दोघांचेही तास लांबलेले, परंतु एकाचे स्वेच्छेने, दुसऱ्याचे नाइलाजाने. हा भेद साध्या इंग्रजीत चार वाक्यांत मांडता आला, तर निबंधाला स्वतःचा कणा लाभतो.

मराठी वळणाच्या चुका

मराठीत विचार करून इंग्रजीत उतरविताना काही चुका हमखास होतात. ‘ते खूप मेहनत करतात’ हे सांगताना विद्यार्थी ‘दे वर्क हार्डली’ असे लिहितो. त्याचा अर्थ ‘ते जवळजवळ कामच करीत नाहीत’ असा होतो. येथे नुसते ‘हार्ड’ हवे. ‘ओव्हरटाइम’ हा जोडून लिहिलेला शब्द म्हणजे जादा काम, तर ‘ओव्हर टाइम’ हे दोन शब्द म्हणजे काळाच्या ओघात. देश सोडून जाणे ‘एमिग्रेट’, देशात येऊन स्थायिक होणे ‘इमिग्रेट’ आणि एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जाणे केवळ ‘मायग्रेट’. ‘डिस्कस’नंतर ‘अबाउट’ लागत नाही. ‘वर्क’ या नामाला काम या अर्थाने अनेकवचन नसते, ते ‘जॉब’ला असते. ‘द नंबर ऑफ मायग्रंट्स’ नंतर एकवचनी क्रियापद येते, तर ‘अ नंबर ऑफ मायग्रंट्स’ नंतर अनेकवचनी. मराठीत ‘अ’ आणि ‘द’ यांसारखी उपपदे नसल्याने ती सर्वाधिक गळतात. त्यामुळे तपासणीची शेवटची तीन मिनिटे केवळ त्यांच्यासाठी राखून ठेवावीत.

सराव कसा करावा?

शिकवणीची सोय नसलेल्या गावातही हा सराव होऊ शकतो. वर्तमानपत्रातील पाऊस, बाजारभाव किंवा मतदानाचा एखादा तक्ता घ्यावा आणि घड्याळ लावून २० मिनिटांत त्याचे वर्णन लिहावे. निबंधासाठी लिहिण्यापूर्वी पाच मिनिटे मुद्द्यांचा आराखडा करावा. घरातील एका व्यक्तीच्या दिवसाचा ताळेबंद मांडावा. आई किती वाजता उठते, किती तास शेतात असते, किती तास चुलीपुढे, याची नोंद म्हणजेच एक तक्ता आहे आणि त्याचे वर्णन हा पहिल्या प्रश्नाचाच सराव आहे.

लिहिलेले उत्तर दुसऱ्या दिवशी स्वतःच वाचून पुन्हा लिहावे. प्रगती नव्या उत्तरापेक्षा या दुसऱ्या लेखनात अधिक होते. शिक्षकांनीही संपूर्ण पान लाल शाईने रंगविण्याऐवजी एका वेळी एकाच प्रकारच्या चुका दाखवाव्यात. आज केवळ क्रियापदाचा काळ, पुढच्या आठवड्यात उपपदे. प्रत्येकाच्या वहीत शेवटी स्वतःच्या चुकांची यादी असावी आणि तीच परीक्षेच्या आदल्या रात्री वाचावी.

गाइडमधील निबंध अनेकांच्या उत्तरपत्रिकेत सारखाच उतरतो. फडावरच्या कोपीत अभ्यास केलेल्या मुलीकडे मात्र सांगण्यासारखे असे काही असते, जे त्या गाइडमध्ये कुठेच सापडणार नाही. ते चार शुद्ध, सरळ वाक्यांत सांगण्याची सवय तिला लागली, तर स्थलांतराचा प्रश्न तिच्यासाठी इंग्रजीच्या पेपरातील सर्वांत सोपा प्रश्न ठरावा.