खाऱ्या पाण्याच्या टाकीखालची टाकी

सह्याद्रीच्या घाटमाथ्यापलीकडे, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून अधिक उंचीवर वसलेल्या पिंपरी-चिंचवडमध्ये ज्या गृहस्थाला आपल्या दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याचे मासे बाळगावेसे वाटतात, त्याला प्रथम समुद्रच तयार करावा लागतो. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ साली जेव्हा तारापोरवाला मत्स्यालय उभे राहिले, तेव्हा त्याच्या निर्मात्यांना अरबी समुद्र दाराशीच होता. निगडी-प्राधिकरणातल्या किंवा मोशीतल्या सदनिकाधारकाला मात्र पवना नदीचे पाणी शुद्ध करून, त्यात दर लिटरला सुमारे ३६ ग्रॅम तयार समुद्री मीठ विरघळवून, क्षारता हजारी ३५ भागांवर आणून ठेवण्याची खटपट स्वतःच करावी लागते. ही खटपट पुस्तके वाचून कोणासही साधते. अवघड असते ते पुढचे, म्हणजे एवढ्या कष्टाने सिद्ध केलेले पाणी निर्मळ ठेवणे, त्याची पातळी व क्षारता अढळ राखणे आणि मध्यरात्री वीज गेली असता ते फरशीवर येऊ न देणे. या तिन्ही गोष्टींची जबाबदारी प्रेक्षकांच्या दृष्टीस कधीही न पडणाऱ्या, मुख्य टाकीखालच्या कपाटात दडवलेल्या दुसऱ्या एका टाकीवर असते, आणि तिलाच या छंदातील मंडळी ‘संप’ म्हणतात.

मूळ कल्पना मुळीच नवी नाही. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८७१ साली उघडलेल्या मत्स्यालयात विल्यम आल्फर्ड लॉइड या कल्पक गृहस्थाने प्रदर्शनातील टाक्यांपेक्षा कित्येक पटींनी मोठा पाणीसाठा खाली अंधाऱ्या हौदात राखला होता, आणि पंपाच्या साहाय्याने ते पाणी अहोरात्र वरखाली फिरत ठेवले होते. प्रकाश नाही तेथे शेवाळ माजत नाही, आणि साठा जितका मोठा तितका त्याच्या गुणधर्मांतील फेरफार मंद, हे त्याचे दोन्ही सिद्धान्त आजही अबाधित आहेत. घरगुती संप म्हणजे त्या हौदाचीच छोटी आवृत्ती होय.

तथापि भोसरी किंवा चाकणच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करणाऱ्या माणसाला हा प्रकार समजावून सांगण्यासाठी इतक्या दूर जाण्याचे कारण नाही. सीएनसी यंत्राच्या पोटाखालची कूलंटची टाकी त्याने रोज पाहिलेली असते. जॉबवर पडलेले कूलंट लोखंडाचा चुरा घेऊन खाली येते, जाळीतून गाळले जाते, पार्टिशनच्या आड चुरा तळाशी बसतो, वरचे स्वच्छ द्रव पार्टिशन ओलांडून शेवटच्या कप्प्यात पडते आणि तेथील पंप ते पुन्हा यंत्राकडे पाठवतो. शिवाय उष्णतेने कूलंटमधले पाणी तेवढे उडून तेल मागे राहते व मिश्रण घट्ट होत जाते, म्हणून रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर दोन थेंब टाकून ते वेळोवेळी तपासावे लागते, हेही तो जाणतो. मत्स्यालयातही पाणीच उडते, मीठ मागे राहते; आणि रिफ्रॅक्टोमीटर येथेही लागतो. मात्र कारखान्यातला ब्रिक्सच्या मोजपट्टीचा रिफ्रॅक्टोमीटरच घरी आणून चालणार नाही. क्षारतेची मोजपट्टी असलेला निराळा घ्यावा, आणि तो नुसत्या शुद्ध पाण्यावर शून्याला न लावता हजारी ३५ च्या प्रमाण-द्रावणावर लावून घ्यावा.

आता प्रत्यक्ष आराखड्याकडे वळू. उदाहरणादाखल वरची टाकी १२० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद व ५० उंच धरू. वरची ५ सेंटिमीटर मोकळी ठेवली तर तीत सुमारे २४० लिटर पाणी राहील. खालचा संप ९० लांब, ४० रुंद व ४० उंच असावा. टाकीच्या मागच्या बाजूला दातेरी कड असलेला ओव्हरफ्लो बसवलेला असतो. त्या कडेवरून जेवढे पाणी सांडेल तेवढेच नळीने खाली उतरते. खालच्या पहिल्या कप्प्यात ते कापडी पिशवीतून गाळले जाते. ही पिशवी तीन-चार दिवसांनी धुतली नाही, तर तीत अडकलेली घाण तेथेच कुजून गाळण्याचा सारा हेतू निष्फळ होतो. दुसरा कप्पा प्रोटीन स्किमरचा. खाऱ्या पाण्यात हवेचे बुडबुडे अतिशय बारीक होतात, माशांच्या मलमूत्रातील व उरल्या अन्नातील कित्येक सेंद्रिय द्रव्ये त्या बुडबुड्यांच्या पृष्ठभागाला चिकटतात आणि तपकिरी फेस होऊन वरच्या पेल्यात साचतात. म्हणजे ती घाण सडून अमोनिया होण्यापूर्वीच पाण्याबाहेर काढली जाते. स्किमरला भोवतालच्या पाण्याची उंची स्थिर लागते, बहुधा १८ ते २३ सेंटिमीटर, आणि ती किती हवी हे त्याचा निर्माता सांगतो. म्हणून स्किमर आधी ठरवावा व पार्टिशनची उंची मागाहून. आपल्याकडे काच कापून आणली की मग स्किमर शोधायला निघण्याची रीत आहे, आणि त्यामुळे प्लास्टिकच्या चौथऱ्यांवर चढवून ठेवलेले स्किमर घरोघर पाहावयास मिळतात.

जागा उरली तर तिसरा कप्पा केटोसारख्या समुद्री शेवाळासाठी राखावा. वरचे दिवे मालवले की या कप्प्यातला दिवा लावायचा; शेवाळ नायट्रेट व फॉस्फेट शोषून वाढते, आणि रात्री पाण्याची आम्लता वाढण्याची जी प्रवृत्ती असते तिलाही काहीसा आळा बसतो. त्यानंतर तीन काचांची बुडबुडे-अटक: पहिलीवरून पाणी चढते, दुसरीच्या खालून सरकते, तिसरीवरून पुन्हा चढते. दोन काचांमधील अंतर अडीच सेंटिमीटरांच्या आसपास ठेवावे. शेवटचा कप्पा पाणी वरच्या टाकीत परत पाठवणाऱ्या रिटर्न पंपाचा, आणि साऱ्या रचनेचे मर्म येथे आहे.

वरच्या टाकीतील पातळी ओव्हरफ्लोच्या कडेने बांधलेली, मधल्या कप्प्यांची पातळी पार्टिशनांनी बांधलेली. तेव्हा दिवसभरात जे पाणी उडून जाते त्याची सारी तूट या एकाच कप्प्याच्या खात्यावर पडते. कप्पा २० सेंटिमीटर लांब व ४० रुंद, म्हणजे क्षेत्रफळ ८०० चौरस सेंटिमीटर. एप्रिलच्या उन्हाळ्यात पंखा लावलेल्या टाकीतून रोज ३ लिटर पाणी उडते असे धरले, तर येथील पातळी रोज पावणेचार सेंटिमीटर उतरेल. २१ सेंटिमीटरांवरून सुरुवात केली आणि ८ सेंटिमीटरांवर पंप हवा ओढू लागतो असे मानले, तर साडेतीन दिवसांत पंप कोरडा पडेल. म्हणून शेजारी २०-२५ लिटरचा शुद्ध पाण्याचा कॅन ठेवून, तरंगत्या बटणावर चालणाऱ्या लहान पंपाने ही तूट आपोआप भरून काढण्याची तजवीज करतात. भरायचे ते गोडे पाणी, खारे नव्हे. उडाले ते पाणीच, मीठ जागेवरच आहे.

हे पाणी कोणते, असा प्रश्न पिंपरी-चिंचवडकराला साहजिकच पडतो, कारण येथे २०१९ च्या अखेरीपासून महापालिकेचे पाणी दिवसाआड येते आणि उन्हाळ्यात सोसायटीच्या टाकीत टँकरचे व बोअरचे जड पाणी मिसळते. नळाचे पाणी क्लोरिनमुळे आणि बोअरचे क्षारांमुळे बाद. स्वयंपाकघरातल्या आरओ यंत्राचे पाणीही जसेच्या तसे चालत नाही, कारण चवीसाठी त्यात थोडे मूळचे पाणी परत मिसळण्याची सोय बहुतेक यंत्रांत असते. ती बंद करून पुढे उरलेले क्षार काढून टाकणाऱ्या डीआय रेझिनची नळी जोडावी व टीडीएस मीटर शून्य दाखवीपर्यंत समाधान मानू नये.

येथवर जे सांगितले ते यंत्रणा सुरळीत चालली असतानाचे. माझे मत असे की, संपाची मापे ती चालू असताना काय घडते यावरून न ठरवता ती बंद पडल्यावर काय घडते यावरून ठरवावीत. आणि आमच्या या पट्ट्यात तर हा आग्रह अधिकच धरावा. येथे बहुतेक कारखान्यांची साप्ताहिक सुटी गुरुवारी असते, आणि वीजवाहिन्यांच्या देखभालीची कामेही बहुधा त्याच वारी काढली जातात. सोसायटीचा जनरेटर लिफ्ट आणि जिन्यातले दिवे सांभाळतो, घरातला पंप नव्हे.

पंप थांबला की दोन वाटांनी पाणी खाली येते. ओव्हरफ्लोच्या कडेवरचा पातळ थर उतरतो, आणि रिटर्नची नळी ज्या खोलीवर बुडलेली असेल त्या खोलीपर्यंतचे पाणी वक्रनलिकेच्या न्यायाने उलटे वाहू लागते. नळीचे तोंड पृष्ठभागाखाली ३ सेंटिमीटर असेल तर १२०, ४५ व ३ यांचा गुणाकार म्हणजे सुमारे १६ लिटर. नळ्यांतले व ओव्हरफ्लोतले धरून २० लिटर. संपातील पाणी चालू स्थितीत २३ सेंटिमीटर असेल तर वर १७ सेंटिमीटर, म्हणजे ६१ लिटरांची जागा शिल्लक आहे. काळजीचे कारण नाही. पण टाकीच्या तळाचे पाणी हलते राहावे म्हणून तेच तोंड कोणी १५ सेंटिमीटर खोल नेऊन ठेवले, तर ८१ लिटर वरून आणि नळ्यांतले चार असे ८५ लिटर उतरतील, आणि त्यांपैकी २४ लिटर खारे पाणी फरशीवर, आणि बहुधा खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या छतावर जाईल. यावर एकमार्गी झडप बसवावी असे दुकानदार सुचवतो. तिच्यात वाळूचा एक कण वा कवचाचा एक तुकडा अडकला की ती अर्धवट उघडी राहते, आणि हे नेमके वीज गेल्यावरच कळते. झडपेवर भिस्त ठेवण्यापेक्षा नळी वर घ्यावी हे उत्तम.

दुसरा प्रसंग याच्या उलट. खाली येणारी नळी गोगलगाईने किंवा शेवाळाने बुजली, पंप मात्र चालूच आहे. अशा वेळी शेवटच्या कप्प्यातले जेवढे पाणी पंप उचलू शकतो तेवढेच वर जाते. आपल्या उदाहरणात १३ सेंटिमीटरांचे म्हणजे सुमारे साडेदहा लिटर, आणि त्याने वरच्या टाकीची पातळी दोन सेंटिमीटरही वाढत नाही. ५ सेंटिमीटरांची मोकळी जागा पुरून उरते. भरपूर पाणी बरे म्हणून हा कप्पा ऐसपैस केला असता, तर हेच संरक्षण नाहीसे झाले असते. तिसरा प्रसंग तरंगते बटण अडकण्याचा: कॅनमधले २५ लिटर संपात उतरले तरी ते मावतात, आणि सुमारे ३०० लिटरांची क्षारता ३५ वरून ३२ च्या जरा वर येऊन थांबते, जी मासे बहुधा सोसतात. कॅनऐवजी ही नळी थेट गच्चीवरच्या टाकीला जोडण्याचा मोह काहींना होतो. तो आवरावा.

सामानाविषयी थोडे. उतरत्या मार्गावर एकाऐवजी दोन नळ्या ठेवाव्या, पैकी एक केवळ आणीबाणीची. नळकाम यूपीव्हीसीचे करावे, पंपाच्या जवळ युनियन व बॉल व्हॉल्व्ह घ्यावा म्हणजे साफसफाईसाठी पंप सोडवणे सोपे जाते. कारखान्यातल्या माणसाचा हात स्वभावतःच पितळी जोडाकडे किंवा स्टीलच्या क्लिपकडे जातो. परंतु तांब्याचा अंश कोळंबी, शंख-शिंपले यांना प्राणघातक असतो, आणि ३०४ जातीचे स्टीलदेखील खाऱ्या पाण्यात खड्डे पडून गंजते. पाण्याला धातूचा स्पर्शच होऊ देऊ नये. भोसरीत चौकोनी पाइपांचा स्टँड कोणीही वेल्डर सुरेख बनवून देतो. पावडर कोटिंग करून घ्यावे, आणि पुढची आडवी पट्टी स्किमरचा पेला उचलण्याच्या आड येत नाही ना, हे वेल्डिंगपूर्वीच मोजावे. सारे मिळून वजन चार-पाचशे किलोंच्या घरात जाते, म्हणून स्टँड खोलीच्या मध्यात न ठेवता तुळईजवळच्या भिंतीलगत ठेवावा. शंका असल्यास संरचना अभियंत्याला विचारावे.

एका गोष्टीचा उल्लेख कायद्यामुळे करणे प्राप्त आहे. खडक उभारणारी प्रवाळे, समुद्री पंखे व समुद्रघोडे यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे. मालवणच्या किंवा लक्षद्वीपच्या समुद्रातून आणलेला प्रवाळाचा तुकडा ‘सजावटीचा दगड’ म्हणून कोणी देऊ केला तरी घेऊ नये. पाणी शुद्ध राखणाऱ्या जिवाणूंना घर म्हणून कृत्रिम सच्छिद्र दगड पुरेसे होतात. माशांतही केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने ज्यांचे प्रजनन साध्य केले आहे, अशा क्लाउनसारख्या जाती पैदास केंद्रातूनच घ्याव्यात.

सर्व जुळणी झाल्यावर मीठ घालण्याची घाई न करता प्रथम नुसत्या नळाच्या पाण्याने टाकी भरून यंत्रणा दोन-तीन दिवस चालवावी. मग पंपाचे बटण बंद करावे, पाणी उतरणे थांबेपर्यंत वाट पाहावी आणि संप काठापासून किती खाली भरला ते बघावे. त्यानंतर उतरत्या नळीत बूच घालून पंप सुरू करावा व वरची टाकी भरून वाहते का ते पाहावे. दोन्ही परीक्षांत फरशी कोरडी राहिली, तर पंप चालू असतानाच्या पातळीवर शेवटच्या कप्प्याच्या काचेवर कायमच्या शाईने रेघ ओढावी, आणि यापुढे पाणी भरण्याचे काम घरातल्या ज्या कोणाकडे येईल त्याला या रेघेच्या वर पाणी न्यायचे नाही, एवढी एकच सूचना द्यावी.